महिना बसतो, वर्ष बसत नाही: साडेपाच लाखांचं घरगुती कर्ज फेडताना

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही नाशिकला सिडकोत भाड्याने राहतो. मिस्टर अंबडच्या एका कंपनीत आहेत, हातात ४६,००० येतात. मी घरी शिलाई करते, त्यातून सरासरी ७,००० सुटतात. घरात सासूबाई, आठवीतली मुलगी, चौथीतला मुलगा. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांचं आजारपण आणि पाठोपाठ नणंदेचं लग्न, यात कर्ज झालं. आज क्रेडिट कार्डावर ८४,००० आहेत. पर्सनल लोन २,६०,००० बाकी, हप्ता ९,८००, व्याज १६ टक्के. माझ्या बांगड्या आणि गंठणावर सोनेतारण १,२०,०००. बचत गटाचे ३०,०००. फोनचे १,८५० प्रमाणे सात हप्ते. माझ्या भावाचे ५०,००० बिनव्याजी. पै-पै लिहून ठेवते, तरी कर्ज हलत नाही. बँकेतून पाच लाखांच्या लोनसाठी फोन येतात, ते घेऊन सगळं एकदम फेडावं का? शेजारच्या भिशीत पहिला नंबर देतायत, तो घ्यावा का? नणंदेचे यजमान जामीन राहा म्हणतात. आणि सासूबाईंना यातलं काहीच माहीत नाही."

ताई, तुम्ही खर्चाचा कागद जोडलात हे फार बरं केलंत. मी पतसंस्थेच्या कर्ज विभागात चोवीस वर्षं काढली आणि आता निवृत्त झाल्यावर अशा घरांचे कागद बघते. बहुतेक लोक कर्जाचा आकडा सांगतात, खर्चाचा सांगत नाहीत. तुमचा खर्चाचा कागद बघून पहिली गोष्ट सांगते: तुमच्या घरात उधळपट्टी नाही. किराणा ७,५००, दूध २,७००, भाजी-फळं ३,०००, पाच माणसांना यात काही जास्त नाही. तेव्हा "मीच कुठेतरी कमी पडते" हे जे तुम्ही दोनदा लिहिलंय, ते आधी मनातून काढा.

मग कर्ज हलत का नाही? तुमच्या कागदावर एक गोष्ट नाही, आणि ती नसल्यामुळेच. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश नाहीत. गणपती-गौरी नाहीत. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग नाही. लग्नांचे आहेर नाहीत. दिवाळी नाही. हे सगळं कशातून झालं, असं मी विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "कार्डावर केलं, नंतर भरू म्हटलं."

आमच्या काउंटरवर वर्षातून दोनदा सोनं ठेवायला रांग लागायची. एक जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, दुसरी दिवाळीच्या आधी. जूनच्या रांगेत शेतकरी बियाण्या-खतासाठी असायचे, ते समजण्यासारखं होतं. पण निम्मी माणसं पगारदार असायची. महिन्याचा हिशेब चोख ठेवणारी, कधी हप्ता न चुकवणारी. त्यांचा महिना बसायचा, वर्ष बसायचं नाही. दर वर्षी जून येतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी तो दर वर्षी अचानक आल्यासारखा येतो. तुमचंही तेच झालंय. महिनाभर वाचवलेले पाचशे-हजार वर्षाच्या एका खर्चात वाहून जातात आणि वर पाच-सात हजार कार्डावर चढतात.

म्हणून नवी वही आणायच्या आधी एक कोरा कागद घ्या. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत नाही, जूनपासून मेपर्यंत बारा महिने उभे लिहा. प्रत्येकापुढे त्या महिन्यात येणारा जास्तीचा खर्च लिहा. मी तुमच्यासारख्या घराचा अंदाज धरते: जूनमध्ये दोघांची शाळा २२,०००, गणपती-गौरी ४,०००, दिवाळी १२,०००, गाडीचं ४,५००, आहेर-मानपान ६,०००, अधलंमधलं डॉक्टर-दात-चष्मा ६,०००. झाले ५४,५००. दिवाळीला कंपनीतून २५,००० मिळतात असं तुम्ही लिहिलंय, तर दिवाळी त्यातून होईल आणि १३,००० उरतील. बाकी ४२,५०० ला बाराने भागा. महिन्याला साधारण ३,५००. हे ३,५०० दर महिन्याला बाजूला पडले पाहिजेत, वेगळ्या बचत खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड घरात नसेल. मी त्याला वर्षाची डबी म्हणते. कर्ज डोक्यावर असताना डबीत पैसे टाकायला जीव होत नाही, "त्यापेक्षा कर्जात भरते" असं वाटतं. तसं करू नका. डबी रिकामी राहिली की जूनमध्ये तुम्ही परत कार्डाकडे जाणार.

आता व्याजाकडे येऊ. तुम्ही सगळी कर्जं एका रांगेत लिहिलीत, पण ती एका जातीची नाहीत. कार्डाच्या बिलावर व्याज महिन्याला साडेतीन टक्के लिहिलंय. ८४,००० वर २,९४० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५२९. एकूण ३,४६९. तुम्ही दर महिन्याला पाच टक्के किमान रक्कम, ४,२०० भरता. म्हणजे ४,२०० भरून कर्ज कमी होतं जेमतेम ७३१ रुपयांनी, आणि त्या महिन्यात कार्डावर हजाराचा किराणा केला तर तेही नाही. वर्षाचा दर काढला तर जीएसटीसकट जवळजवळ ५० टक्के पडतो. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला ते बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं. हे बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं.

बचत गटाचं "फक्त दोन टक्के" म्हणता. ते महिन्याचे. वर्षाचे २४ झाले. आपल्याकडे शेकडा दोन, शेकडा तीन अशी बोलायची पद्धत आहे आणि बँका वर्षाचं बोलतात, त्यामुळे माणूस १६ टक्क्यांच्या बँकेला महाग आणि दोन टक्क्यांच्या गटाला स्वस्त समजतो. कुठलाही दर ऐकला की आधी विचारायचं: महिन्याचा की वर्षाचा? आणि दुसरं: घटत्या बाकीवर की सरळ? कोणी १२ टक्के सरळ व्याजाने एक लाख तीन वर्षांसाठी देत असेल, तर ३६,००० व्याज सुरुवातीलाच मिळवून हप्ता ३,७७८ बसवतात. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर देताय. घटत्या बाकीच्या हिशेबाने तो दर २१ टक्क्यांच्या वर जातो. गाड्यांच्या आणि सामानाच्या दुकानात बऱ्याचदा असाच हिशेब सांगतात.

सोनेतारण तुम्हाला वर्षाला १२ टक्क्यांनी आहे. तुम्ही ते २०२३ मध्ये ठेवलंत आणि दर वर्षी व्याज भरून नुसतं फिरवताय. तेव्हा तोळा साठ हजारांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो लाखावर गेला. म्हणजे त्याच बांगड्यांवर आणि गंठणावर आज जास्त रक्कम मिळू शकते. माझा सल्ला असा: पुढच्या नूतनीकरणाची वाट न बघता शाखेत जा, आजच्या भावाने मूल्यांकन करायला सांगा, ८४,००० वाढवून घ्या आणि त्याच दिवशी कार्ड शून्य करा. कार्डाचं महिन्याचं ३,४६९ व्याज जाईल, सोन्यावर ८४० वाढेल. महिन्याला २,६२९ रुपये वाचले. कोथिंबिरीच्या जुडीपासून मुलांच्या बिस्किटापर्यंत सगळं कापलंत तरी स्वयंपाकघरातून एवढं निघणार नाही.

पण याला एक अट आहे आणि ती मी अगदी जीव तोडून सांगते. कार्ड शून्य झालं त्याच दिवशी ते बंद करायचा अर्ज द्यायचा. कपाटात ठेवायचं नाही, "अडीअडचणीला असू दे" म्हणायचं नाही. मी अशी किती घरं पाहिली, सोन्यावर पैसे उचलून कार्ड मोकळं केलं आणि दीड वर्षात कार्ड पुन्हा भरलं. मग सोन्याचंही कर्ज आणि कार्डाचंही. ज्या घराला ही अट पाळणं जमणार नाही, त्याने हा मार्ग घेऊ नये. त्यांनी कार्डाच्याच बँकेला सांगून कार्डावर राहिलेल्या रकमेचे हप्ते बांधून घ्यावेत. दर सोन्यापेक्षा जास्त पडेल, पण दागिने तरी धोक्यात जाणार नाहीत.

बँकेच्या पाच लाखांच्या फोनला नाही म्हणा. पाच लाख, पाच वर्षं, १५ टक्के धरले तर हप्ता ११,८९५ येतो. आजच्या सगळ्या हप्त्यांच्या बेरजेपेक्षा कमी दिसतो आणि तिथेच माणूस भुलतो. पाच वर्षांत व्याजच २,१४,००० जाईल. मी खाली सांगते त्या रस्त्याने तुमचं एकूण व्याज लाखाच्या आसपास राहतं. शिवाय कार्ड, गट, सोनं सगळं एकदम मोकळं झालं की घराला वाटतं कर्ज गेलं, आणि हात सैल सुटतो.

भिशीही नको. लिलावाच्या भिशीत पहिला नंबर घेणारा सगळ्यात मोठी सूट सोडतो. साठ हजारांची भिशी ५२,००० ला उचलली, तर ते आठ हजार हे व्याजच आहे, नाव नाही इतकंच. आणि पुढचे सगळे महिने तो हप्ता तुमच्या गळ्यात.

जामिनाचं. नणंदेच्या घरचं आहे, नाही म्हणणं जड जातं, मला माहीत आहे. पण जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. पतसंस्थेचं कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो, आणि तो कर्जदाराइतकाच जामीनदारावरही चालतो. आमच्या ऑफिसात समोरच्या खुर्चीवर बसून रडलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यात कर्जदार कमी आणि जामीनदार जास्त होते. मिस्टरांनी सरळ सांगावं, "आमच्यावरच साडेपाच लाखांच्या वर कर्ज आहे, माझी सही तुमच्या उपयोगाची नाही." हे खरं आहे, त्यामुळे सांगायला सोपंही आहे.

आता महिन्याचा हिशेब मांडते. आज तुमचे हप्ते आणि व्याज असे जातात: पर्सनल लोन ९,८००, कार्ड ४,२००, सोन्याचं व्याज १,२००, गट १,६००, फोन १,८५०. बेरीज १८,६५०. भाडं ९,००० गेलं की घरखर्चाला २५,३५० उरतात. कार्ड बंद झालं की ४,२०० सुटतात, सोन्याचे ८४० वाढतात, हातात ३,३६० येतात. घरखर्चातून ४,००० काढू, ते कसे ते पुढे. झाले ७,३६०. त्यातले ३,५०० डबीत. उरले ३,८६०. हे सगळे पहिले सहा-सात महिने बचत गटात जातील, नेहमीच्या हप्त्याच्या वर. गट संपेल, त्याच सुमारास फोनही संपेल. मग ३,८६० मध्ये गटाचे १,६०० आणि फोनचे १,८५० मिळवा. ७,३१० झाले. ते सोन्यात.

इथे कोणी म्हणेल, सोन्याला १२ टक्के आणि पर्सनल लोनला १६, मग आधी लोन का नाही? कागदावर बरोबर आहे. पण पर्सनल लोनमध्ये मधेच मुद्दल भरायला बऱ्याच ठिकाणी शुल्क लागतं, भरायची मुभाही ठरावीक वेळीच असते. सोन्यात बहुतेक ठिकाणी तुम्ही मंगळवारी आठशे रुपये घेऊन गेलात तरी भरून घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून व्याज तेवढ्याने उतरतं. आणि सोन्याला मुदत असते. मुदत टळली, नोटिसा गेल्या की लिलाव होतो. लोनचा हप्ता नियमित चाललाय, तो ३३ महिन्यांत आपोआप संपतो, त्याला चालू द्या.

सोन्यात दर महिन्याला व्याज धरून ९,३५० जात राहिले आणि दर दिवाळीचे १३,००० पडले, तर साधारण २७ व्या महिन्यात गंठण घरी येतं. उरलेल्या सहा महिन्यांत भावाचे ५०,००० होतात. म्हणजे ३३ महिन्यांत, लोनच्या शेवटच्या हप्त्याबरोबर, सगळं. मी ३३ म्हणते, तुम्ही मनात ३६ धरा. कोणी आजारी पडेल, कंपनीत ओव्हरटाइम बंद होईल, एखादा महिना कोरडा जाईल.

भावाचं तुम्ही लिहिलंत की भाऊबीजेला तो आला तरी त्याच्याकडे बघवत नाही. त्याला बोलवा आणि हा कागद दाखवा. "दादा, तुझे पैसे सोनं सुटल्यावर, अमुक महिन्यापासून सुरू करते" एवढं सांगा आणि महिना त्याच्यासमोर लिहा. बिनव्याजी पैसा देणाऱ्याला पैशाची घाई नसते. आपण त्याला टाळतोय हे त्याला लागतं.

आता ते ४,०००. मी घरोघर जे पाहिलं त्यावरून सांगते की काटकसर चार ठिकाणी पैसे देते आणि चाळीस ठिकाणी नुसता त्रास देते. दूध कापू नका, सासूबाईंची औषधं कापू नका, मुलांची फळं कापू नका. तुमच्या कागदावर मोबाइल-केबल-नेट १,८०० आहे. तीन रिचार्ज, एक केबल, एक वायफाय. घरात वायफाय आहे तर फोनना मोठे पॅक कशाला? किंवा वायफाय काढा. यात ७०० सहज निघतील. "किरकोळ" म्हणून २,३५० लिहिलंय, ते बहुतेक यूपीआयने गेलेले चहा, वडापाव, मुलांची पाकिटं. पगाराच्या खात्यावरचं यूपीआय काढून टाका, दुसऱ्या खात्यावर ठेवा आणि त्या खात्यात दर सोमवारी ठरलेले ३५० टाका. संपले की संपले. हजाराच्या जवळ वाचतील. पेट्रोल २,५००: कंपनीची बस सिडकोतून जात असेल तर आठवड्यातले तीन दिवस बस. पाचशे-सातशे तिथे.

उरले किराण्याचे. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण घरातली बाई इथेच सगळ्यात जास्त राबते आणि चुकीच्या जागी राबते. यादी करायची तर दुकानात जाऊन नाही, डबे उघडून करायची. महिन्याच्या २८ तारखेला सगळे डबे ओट्यावर काढा, काय किती उरलं ते लिहा. पहिल्याच महिन्यात तुम्हाला दोन पाकिटं शेवया, अर्धा किलो साबुदाणा, मागच्या संक्रांतीचे तीळ सापडतील. तेलाच्या कॅनवर फोडल्याची तारीख लिहा. नुसती तारीख लिहिल्याने तेल कमी लागतं, मी स्वतः करून पाहिलंय, कारण किती दिवस गेलं ते डोळ्यासमोर राहतं. तूरडाळ रोज नको. आठवड्यात तीन दिवस तूर, एरवी मूग, मसूर, कुळथाचं पिठलं, मोड आलेली मटकी, चवळी. पाकिटातला नाश्ता पूर्ण बंद. त्याऐवजी रविवारी चिवडा करायचा, दाणे-पोहे घातलेला, आणि मुलांच्या हाताला येईल असा ठेवायचा. मुलांना काहीतरी कुरकुरीत हवं असतं, ते घरात नसेल तर ती दुकानात जाणारच. मॉलमध्ये किराणा करायला सगळ्यांनी मिळून जाऊ नका. एकाने जायचं, यादी घेऊन, रोख घेऊन. भाजी आठवडे बाजारात संध्याकाळी, बाजार उठायच्या आधी. यातून बाराशे ते दीड हजार निघतील.

वर्षाचे गहू भरायचे का? एप्रिलमध्ये लोकवन स्वस्त मिळतो, दर वर्षी भरायची सवय असते, आणि आई-सासूच्या पिढीला भरलेली कोठी म्हणजे घर वाटतं. पहिल्या वर्षी भरू नका. दहा-बारा हजार एकदम घालून महिन्याला दीडशे वाचवायचे आणि तेवढ्यासाठी गटाचं २४ टक्क्यांचं कर्ज चालू ठेवायचं, हा तोट्याचा सौदा आहे. दुसऱ्या वर्षी डबीतून भरा. तिखट-मसाला मात्र या उन्हाळ्यातच घरी करा, त्याला फार पैसे लागत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वाचलेला रुपया त्याच दिवशी घरातून बाहेर गेला पाहिजे. "या महिन्यात हजार वाचले" असं वहीत लिहिलं आणि पैसे खात्यातच राहिले, तर ते वाचले नाहीत. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ३,५०० डबीत, ३,८६० गटात, आधी. मग उरलेल्यात महिना काढायचा. महिन्याच्या शेवटी उरेल ते भरू म्हणणाऱ्यांचं मी चोवीस वर्षांत कधी उरलेलं पाहिलं नाही.

कमाईच्या बाजूबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही शिलाईला "टाइमपास" म्हटलंय. महिन्याला ७,००० हा टाइमपास नाही, तुमच्या घरातल्या कमाईच्या आठव्या हिश्शाहून तो जास्तच आहे. अस्तराच्या ब्लाउजचा दर तुम्ही तीन वर्षं वाढवलेला नाही. पन्नास रुपये वाढवा. पंचवीस ब्लाउज धरले तर महिन्याला १,२५० झाले. आणि शेजारपाजारच्या बायकांकडे ६,००० उधारी अडकलीय म्हणता. तुम्ही लोकांना बिनव्याजी देताय आणि स्वतः कार्डावर ५० टक्क्यांनी घेताय. आजपासून माप घेतानाच निम्मे पैसे घ्या, जुनी उधारी प्रेमाने पण नाव घेऊन मागा. लग्नसराईत जे जास्तीचे येतील त्यातले पहिले १०,००० बँकेत वेगळे ठेवा, फक्त दवाखान्यासाठी. त्याच्या वरचे सोन्यात.

तुमच्या कर्जाची सुरुवात दवाखान्यातून झाली, म्हणून दोन गोष्टी या आठवड्यात करा. मिस्टरांच्या कंपनीचा आरोग्य विमा आईला लागू होतो का ते विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार कार्ड जुळतात का, सासूबाईंचं नाव त्यात आहे का आणि तुमच्या जवळचं कुठलं रुग्णालय यादीत आहे, हे आजारी पडायच्या आधी बघून ठेवायचं असतं. बँकेत मिस्टरांच्या नावाने प्रधानमंत्री जीवनज्योती हा आयुर्विमा, वर्षाला ४३६ रुपये, आणि सुरक्षा विमा हा अपघाताचा, वर्षाला २० रुपये, हे दोन्ही सुरू करा. मुदतीचा मोठा विमा कर्ज संपत आलं की घेऊ म्हणू नका, दर वय बघून ठरतो, डबीच्या कागदावर त्याची एक ओळ आत्ताच टाका.

मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपना हात लावू नका. मिस्टरांनी आधीच कधी घेतलं असेल तर त्यांना शांतपणे विचारा, रागावून विचारलंत तर सांगणार नाहीत. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, नातेवाइकांना धमकावणं तर दूरच. तुमच्या नावावर नक्की काय काय कर्ज दिसतंय त्याचा पूर्ण अहवाल प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे सिबिलसारख्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून, वर्षातून एकदा मोफत मिळतो. दोघांचाही काढा.

सासूबाईंना सांगायचं की नाही, हे तुम्ही शेवटी लिहिलंत, पण माझ्या लेखी ते पहिलं आहे. २००३ साली माझ्या मिस्टरांची कंपनी बंद पडली. आम्ही घरासाठी कर्ज काढलं होतं. सासूबाईंना त्रास नको म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, सांगायचं नाही. मी डब्यात भाजी कमी नेऊ लागले, साडी घेतली नाही. आणि त्याच श्रावणात सासूबाईंनी पोथीच्या समाप्तीला वीस बायका जेवायला सांगितल्या. मला राग आला, मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. शेवटी एका रात्री सगळं बोलले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मी वीस जणींना बोलावलं असतं का? मला वाटलं, मुलाचं छान चाललंय, जरा देवाचं करू." त्यांची काही चूक नव्हती. आम्हीच त्यांना खोटं घर दाखवत होतो आणि त्या त्या घराप्रमाणे वागत होत्या. त्यानंतर चार वर्षं आमच्याकडे कर्जाची वही त्याच जास्त काटेकोर बघायच्या. दर महिन्याला विचारायच्या, "किती राहिले?"

तुमच्या आठवीतल्या मुलीलाही आकडा सांगा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना घरातला ताण कळतोच, फक्त कारण कळत नाही, आणि मग ती स्वतःला दोष देतात. फ्रिजवर कागद लावा, कर्जाची एकूण रक्कम वर आणि दर महिन्याची बाकी खाली, ती तिच्या हाताने लिहू दे. चौथीतल्या मुलाला रक्कम नको, त्याला एवढंच सांगा की आईचं गंठण परत आणायचंय. आणि मुलांच्या वाढदिवसाला केक आणा, डबीतून आणा. तीन वर्षं घरात काहीच गोड घडलं नाही तर काटकसर कोणी टिकवत नाही.

या रविवारी वर्षाचा कागद करा, सोमवारी तारणाची पावती घेऊन शाखेत जा. वाढीव रकमेचा दर, मूल्यांकनाचं आणि प्रक्रियेचं शुल्क, आणि मधेच मुद्दल भरलं तर व्याज त्या दिवसापासून कमी होतं का, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नव्या पावतीवर प्रत्येक दागिन्याचं एकूण आणि निव्वळ वजन लिहिलेलं आहे का ते बघून मगच सही करा, आणि पावतीचा फोटो भावाकडेही ठेवा. गट संपेल तेव्हा अध्यक्षांच्या सहीने वहीत "बाकी शून्य" लिहून घ्या, लोन संपेल तेव्हा बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा बँकेचा कागद. आणि गंठण सोडवायला जाल तेव्हा काउंटरवरच त्यांच्या काट्यावर वजन करून घ्या, बांगड्या मोजा, पावतीशी ताडून बघा, मगच पिशवीत ठेवा. मिस्टरांना आणि मुलीला बरोबर न्या.